खळीत पडलेली कोंबडी

आईने माहेराहून टोपलीतून एक पिल्लू आणलं होतं. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत ते वाढलं, त्याची चांगली तांबूस कोंबडी झाली आणि तिने आईच्या मागेमागे अख्खी गॅलरी पालथी घातली. आई बाळंतपणाला गावी निघाली तेव्हा मला एकच काम सांगून गेली, "मी येईपर्यंत हिला सांभाळ." माझा अभ्यास, वडिलांचं जेवण, यातलं काहीच तिने सांगितलं नाही. यावरून आमच्या घरात कोंबडीचं वजन किती होतं ते कळेल.

याच कोंबडीपायी आईचं शेजारच्या मावशीशी फाटलं होतं. मावशी मालवणकडची, तोंडाने तिखट. चाळीतली सगळी तान्ही मुलं तिच्याच पायांवर न्हाऊन मोठी झालेली, त्यात मीही आले. तिने गॅलरीत मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांत आमची कोंबडी मनसोक्त नाचली. आई म्हणाली, "मुक्या जनावराला काय कळतं?" मावशी म्हणाली, "तिका नाय कळणा, तुका तरी कळता? एक दिवस हिचो रस्सो करतंय बघ." मग आईही भडकली. "माझ्या होणाऱ्या बाळाला तू हात लावायचा नाहीस," असं बोलून बसली आणि तशीच गावी गेली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. वडिलांच्या तोंडी उठता-बसता 'झालाच पाहिजे'. पाळी संपवून गिरणीतून आले की गॅलरीत शेगडीवर मोठ्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवायची आणि संध्याकाळी भिंतींवर पोस्टरं चिकटवायला जायचं, हा त्यांचा नेम. खळीला झुरळं-उंदीर लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालत. त्या दुपारी पातेलं उतरवून निवत ठेवलं होतं. आमच्या बाईसाहेब कठड्यावरून उडाल्या त्या थेट त्यात.

मी ओढून बाहेर काढली तर पोटापासून शेपटीपर्यंत पिसं चिकटून गेलेली. आणि ती लगेच मान वळवून पिसं साफ करायला लागली.

"चोच धर तिची!" वडील ओरडले. "मोरचूद आहे त्यात. पोटात गेलं तर संपली."

मी दोन्ही हातांनी चोच धरली आणि भोकाड पसरलं. वडील पाणी बघायला धावले. आमच्या चाळीत नळ सकाळचाच, आणि पिंपाच्या तळाशी जेमतेम वाटीभर पाणी उरलेलं. वडिलांनी तेच गार पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, तशी ती घशातून विचित्र आवाज काढून थरथरायला लागली.

तेवढ्यात मावशी दारात आली. मी कोंबडीला छातीशी ओढलं, हिने रस्सा करीन म्हटलं होतं.

"रडतस कित्याक गो? मरूची नाय ती. आणि भाऊ, तुम्ही बाजूक व्हा. डोक्यार पाणी ओततत? नाकात जायत तिच्या."

मग तिने गॅलरीत अशी हाक दिली की एकेका खोलीतून तांब्या-तांब्या पाणी आलं. उद्या सकाळपर्यंत पुरवायचं पाणी लोकांनी एका कोंबडीसाठी दिलं. त्या तांब्यांचं मला आजही कौतुक वाटतं.

मावशीने पाणी कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं. मोरीत पाटावर बसून पाय लांब केले आणि कोंबडीला पायांवर घेतलं, अगदी बाळाला घेते तसं. एका हाताने छातीखाली आधार दिला आणि पंख अंगाशी धरले. मान मी वर धरून होते. रिठ्याच्या पाण्याने ती पिसं वरून खाली, जशी उगवली तशी चोळत गेली. उलटा हात एकदाही नाही. तोंड तेवढं ओल्या फडक्याने पुसलं. खळ सुटून सुटून मोरीतून गेली, पाणी नितळ येईपर्यंत तिने धुतलं. कोंबडी चक्क डोळे मिटून पडली होती.

मग जुन्या लुगड्यात गुंडाळून शेगडीजवळ, पण जरा लांबच, ठेवली. मी विचारलं, "मावशे, बाळाला देतेस तशी धुरी?"

"धुरी नको. पाखराची छाती ती."

पिसं सुकेपर्यंत मावशी तिथून हलली नाही. उठताना म्हणाली, "आयशीक सांग, तिच्या कोंबयेक मी न्हाणलंय."

आई माझ्या तान्ह्या भावाला घेऊन परत आली तेव्हा मी जिन्यातच तिला गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने एवढंच विचारलं, "जिवंत आहे ना?" मी गॅलरीकडे बोट दाखवलं. कोंबडी मावशीच्या उंबऱ्यावर पसरली होती.

आई आमच्या खोलीत शिरलीच नाही. बाळाला घेऊन सरळ मावशीच्या दारात उभी राहिली. मला वाटलं, आता माफी मागणार. पण ती म्हणाली, "मावशे, पाणी तापवलंस काय?"

मावशी चुलीपाशीच होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"दोनदा तापवलंय, दोनदा निवला," ती म्हणाली. "गाडी किती वाजता येता ता कोण सांगीत माका?" मग तिने बाळासाठी हात पुढे केले. "दी हय झिलाक."