थोडंफार शिवणकाम

डोंबिवली पूर्वेला आम्ही चौदा वर्षं भाड्याच्या घरात काढली. तळमजल्यावरची दीड खोली. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून बायकोचं शिलाई मशीन, बाजूला कापड बेतायचं टेबल आणि दारामागे हँगरला लावलेले तयार ब्लाउज. कुणी पाहुणा आला की आधी पलंगावरचे कापडाचे गठ्ठे उचलायचे, मग त्याला बसवायचं. मी ठाण्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब बघतो. तेव्हाही तेच करायचो. पगार बेताचा, पण एक तारखेला न चुकता जमा होणारा.

तिचं तसं नव्हतं. लग्नात माहेरून मशीन घेऊन आलेली, सुरुवातीला साड्यांना पिको-फॉल करायची. मग शेजारणीचा एक ब्लाउज शिवला. तो इतका नीट बसला की शेजारणीने बहिणीला पाठवलं, बहिणीने तिच्या शाळेतल्या दोघी शिक्षिकांना. पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली की नवरात्राच्या महिनाभर आधी ती नवं काम घेणं बंद करायची. ऑफिसात जाणाऱ्या बायकांना नऊ रंगांचे नऊच्या नऊ ब्लाउज हवे असायचे. ठाण्याच्या कोळीवाड्यातलं एक घर होतं. त्यांच्याकडे लग्न निघालं की हळदीला सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या, आणि पंचवीस-तीस ब्लाउज एकदम हिच्याकडे. त्या घरातली मोठी काकी स्वतः कापड घेऊन यायची, सोबत सुक्या बोंबलांची पिशवी, आणि अर्धे पैसे आगाऊ देऊन जायची. पौष महिन्यात मात्र मशीनवर चादर पडलेली. दिवसाला एखादं हुक लावायचं काम आलं तर आलं.

त्यामुळे महिन्याला किती मिळतात, या प्रश्नाला तिला एक आकडा सांगता यायचा नाही. लग्नसराईत तिची कमाई माझ्या पगाराच्या पुढे जायची. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि त्याबद्दल आम्ही बोलायचो नाही.

त्या शिक्षिकांपैकी एकीने तिला एकदा सांगितलं, की तू दरवर्षी रिटर्न भरत जा, कर लागू दे न लागू दे, पुढे घर घेताना उपयोगी पडेल. तिने जेवताना मला विचारलं. नवरा हिशेबातला, त्याला कळतं, असा तिचा विश्वास. मी म्हणालो, कर बसण्याइतकं उत्पन्न नाहीये, मग कशाला उगाच कुणाची फी भरायची आणि आपण होऊन चौकशी मागे लावून घ्यायची. ती बरं म्हणाली आणि आमटी वाढायला उठली.

ते कारण खोटं होतं. रिटर्न मी घरी बसून अर्ध्या तासात भरला असता. कंपनीतल्या ड्रायव्हर लोकांचे मी हौसेने फुकट भरून द्यायचो. मला तिचा आकडा कागदावर नको होता. माझ्या फॉर्मच्या शेजारी तिचा फॉर्म, आणि एखाद्या वर्षी तिचा जास्त. एवढीच गोष्ट होती. तेव्हा हे मी स्वतःलाही इतक्या सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं.

पुढे लोक फोनवरून पैसे द्यायला लागले. तिच्याकडे साधा फोन होता, म्हणून मी माझ्या खात्याचा स्कॅनर छापून आणला आणि मशीनसमोरच्या भिंतीवर चिकटवला. गिऱ्हाईक तिच्या समोर उभं राहून पैसे भरायचं आणि ठाण्याला ऑफिसात माझा फोन वाजायचा. तिला नवा फोन घेऊन द्यायचं दोन-तीनदा ठरलं आणि राहून गेलं.

मग आमच्याच गल्लीतला एक फ्लॅट विकायला निघाला. पहिला मजला, वन बीएचके, पुढे रुंद बाल्कनी. मालक म्हातारे, मुलाकडे पुण्याला जायला निघालेले. त्यांच्या बायकोचे ब्लाउज हिच्याकडेच असायचे, म्हणून बाहेर बोलायच्या आधी त्यांनी हिला सांगितलं आणि दोन महिने थांबायचं कबूल केलं. ती बाल्कनी बघून आली आणि टेबल कुठे, मशीन कुठे, ट्रायलला पडदा कुठे, हे तिने मला वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. आगाऊ भरायची रक्कम आमच्याकडे होती. ती बहुतेक सगळी तिने साठवलेली होती.

बँकेत आम्ही दोघं गेलेलो. कर्जाचं काम बघणारी मुलगी तिशीच्या आतली, बोलायला नीट. माझ्या सॅलरी स्लिपा, फॉर्म सोळा, खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट तिने पाहिलं आणि माझ्या पगारावर किती कर्ज बसतं ते सांगितलं. त्या फ्लॅटला ते पुरत नव्हतं. मग स्टेटमेंटवर पेन फिरवत तिने विचारलं, की हे पगाराशिवाय रोज बारीक-बारीक पैसे येतायत, ते कसले?

बायको माझ्या शेजारी बसलेली. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती.

मी म्हणालो, "मिसेस घरी थोडंफार शिवणकाम करते."

त्या मुलीने मान डोलावली आणि फॉर्मवर सहअर्जदाराच्या रकान्यात गृहिणी असं लिहिलं. मला ते उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. बायकोलाही आलं असणार. मी ते तसंच राहू दिलं. मला वाटलं, फाइल सोपी राहील.

मग बायकोने पिशवीतून वह्या काढल्या. मापांच्या वह्या, चौदा वर्षांच्या. पानाच्या वर गिऱ्हाइकाचं नाव, खाली छाती, कंबर, बाही, गळा, आणि कोपऱ्यात शिलाई किती ठरली, किती मिळाली, तारीख. सकाळी ही पिशवी भरताना मी पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं. ती त्या मुलीला सांगायला लागली, की नवरात्रात इतके होतात, लग्नसराईत इतके, मे महिन्याचं हे बघा, आणि पौषाचंही दाखवते, तेही लपवत नाही. त्या मुलीने तीन-चार वह्या खरोखर चाळल्या. एका पानावर थांबून एवढ्या ब्लाउजांना किती दिवस लागतात असं तिने विचारलं, आणि बायकोने सांगितलं. मग ती म्हणाली, "मॅडम, मला कळतंय तुमचं काम मोठं आहे. पण हे मला फाइलला लावता येणार नाही. तुमच्या नावाचे दोन वर्षांचे रिटर्न आणि तुमच्या खात्यात आलेले पैसे, एवढंच बघतात."

मागच्या वर्षांचे आता भरले तर, असं बायकोने विचारलं. एकाच दिवशी भरलेले दोन वर्षांचे रिटर्न मान्य होत नाहीत, असं उत्तर आलं. आणि पैसे तर माझ्या खात्यात आलेले.

पुढचं त्या मुलीने माझ्याकडे न बघता बायकोकडे बघून सांगितलं. काही गृहकर्ज कंपन्या घरी माणूस पाठवतात. तो काम बघतो, गिऱ्हाइकांशी बोलतो, तुमच्या वह्या बघतो आणि स्वतः उत्पन्नाचा अंदाज काढतो. व्याज जास्त पडतं, पण होतं.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, आपण त्यांच्याकडे विचारू या का. मी फोनवर हप्त्याचा हिशेब मांडला आणि म्हणालो, वीस वर्षांत बघ किती जास्त जातात, वेडेपणा आहे. वीस वर्षांचा आकडा मोठाच दिसतो. महिन्याचा फरक पाहिला असता तर तो तिच्या सात-आठ ब्लाउजांएवढा होता. तोही मी मनात काढला होता. पण एक परका माणूस घरात येऊन बसणार, तिला विचारणार, तिचं तो लिहून घेणार आणि मी बाजूला उभा राहणार, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. तिने पुन्हा विचारलं नाही. दोन महिने संपले आणि म्हाताऱ्यांनी तो फ्लॅट दुसऱ्या कुटुंबाला दिला. निघताना त्यांची बायको हिला भेटायला आली होती.

आम्ही माझ्या एकट्याच्या पगारावर बसणारं घर घेतलं. ते बरंच लांब, मोहने गावात मिळालं. घर वाईट नाही. हवा आहे, पाणी आहे, हप्ता वेळेवर जातो. पण डोंबिवलीतली बाई एका ब्लाउजसाठी मोहन्याला दोनदा येत नाही. एकदा माप द्यायचं आणि एकदा घालून बघायचं, एवढं तर लागतंच. पहिलं वर्ष बायकोने हट्टाने ओढलं. आठवड्यातून दोनदा ती पिशवी घेऊन डोंबिवलीला जायची, त्या शिक्षिकेच्या बाहेरच्या खोलीत बसून मापं घ्यायची, इथे येऊन शिवायची आणि परत पोचवायची. जाण्यायेण्यात खांदा दुखायला लागला. मग तिनेच एकेकीला फोन करून सांगितलं, की आता जमणार नाही.

आता ती विठ्ठलवाडीजवळ एका वर्कशॉपमध्ये जाते. तयार ब्लाउज बनतात तिथे. ती फक्त बाह्या जोडते. मापं ठरलेली, छत्तीस, अडतीस, चाळीस. कोण घालणार ते माहीत नसतं. महिन्याचा पगार तिच्या नावाच्या खात्यात जमा होतो आणि तिला स्लिप मिळते. लग्नसराईत ती जे मिळवायची, त्याच्या हा पगार अर्धासुद्धा नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी तिला सगळं सांगितलं. रिटर्न का भरू दिला नाही ते, आणि त्या घरी येणाऱ्या माणसाबद्दलही. सांगायला मला पाच वर्षं लागली. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. हातातला शर्ट झटकून तिने दोरीवर टाकला.

"मला तेव्हाच कळलेलं," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमचं तुम्हालाच नाही कळलेलं."

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस. ती म्हणाली, बोलले असते तर तुम्ही रागावला असता, आणि घराची घाई होती. एवढं बोलून तिने बादली उचलली आणि आत गेली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळीनंतर कोळीवाड्यातल्या काकीचा फोन आला. तिच्या धाकट्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि अठ्ठावीस ब्लाउज हवे होते. मी मोहन्याला कापड पाठवते, कुणीतरी येईल घेऊन, पण शिवायचे तूच, असं म्हणत होती. मी समोरच बसलो होतो. सुट्टी घे, मी पण घेतो, काजं-हुकं मी लावीन, असं मी खुणेने सांगत राहिलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिने काकीला डोंबिवलीतल्या दुसऱ्या एका शिवणाऱ्या बाईचा नंबर दिला. तिचा हात चांगला आहे, फक्त गळा थोडा मोठा ठेवते, आधी सांगा, असं दोनदा बजावलं. मग नातीची चौकशी केली, नवरा मुलगा काय करतो ते विचारलं, आणि लग्नाला नक्की येते म्हणाली.