करवत सुरू झाली की मामी

मामीचा एक कान कायम मामाच्या विजेच्या करवतीकडे असायचा. भाकरी थापत असो, कुणाशी बोलत असो, नाहीतर डोळे मिटून भिंतीला टेकलेली असो, करवतीचा आवाज आला की ती "आले" म्हणायची आणि उठायची. हाक कुणीच मारलेली नसायची. ती करवतीलाच ओ द्यायची.

इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमासाठी मी पळसदेवहून बारामतीला मामाकडे राहायला आलो, तेव्हा मला हे विचित्र वाटलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणाला काही विचारायचं म्हटलं की बिचकायचो. पण चार दिवसांत उलगडा झाला. मामा सुतार. पुढे त्याचा कारखाना, मागे स्वयंपाकघर, मधे एक दार. भुशानं त्याला खोकल्याच्या उबळी यायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "भुसा छातीत जाऊ देऊ नका, नाहीतर धंदा सोडा." धंदा सोडून खायचं काय? म्हणून मामानं भुसा ओढणारा एक मोठा व्हॅक्युम भंगारातून आणला आणि त्याचा पाइप करवतीखाली बसवला. पण त्याचं बटण स्वयंपाकघराच्या दाराशी होतं, आणि एकदा हातात फळी आली की मामाला दुसरं काही आठवत नसे. ते आठवणं मामीनं आपल्याकडे घेतलं. करवत सुरू झाली की येऊन बटण दाबायचं, थांबली की येऊन बंद करायचं. दिवसभर हेच.

हाताला पीठ असलं तर ती कोपरानं बटण दाबायची. अंथुर्ण्याचे एक तात्या चौकटी करून घ्यायला येऊन बसायचे. तिची ही ये-जा बघून एकदा म्हणाले, "वैनी, मिस्त्रीनं तुमाला बी वायर जोडलीय काय?"

"व्हय तात्या," मामी म्हणाली, "फकस्त माझं बंद करायचं बटण कुठं बसवलंय, ते त्यास्नी बी ठावं न्हाय."

एकदा शेजारी हळदीकुंकवाला गेली असताना आत कुणीतरी मिक्सर लावला, तर ही "आले" म्हणून ताडकन उठली. सगळ्या बायका हसल्या. हे तिनंच मला सांगितलं, हसत हसत. मग बराच वेळ गुडघे चोळत बसली.

ते गुडघे बघूनच दुसऱ्या वर्षी मी एक पेटी बनवायला घेतली. करवतीचं बटण दाबलं की व्हॅक्युम आपोआप सुरू व्हावा, करवत थांबली की बंद व्हावा, एवढंच तिचं काम. कॉलेजात सरांना दाखवली, त्यांनी बरी आहे म्हटलं. घरी आणून जोडली. मामानं बटण दाबलं, करवत आणि व्हॅक्युम दोन्ही एकदम गुरगुरले आणि फ्यूज उडाला. नवा घातला, तोही उडाला. मी वहीची पानं उलटत बसलो.

मामी दारात उभी होती. म्हणाली, "दोन्ही एकदम उठाया लागल्यावर कसं झेपंल वायरला? आधी करवतीला पळू दे की. मी तरी कुठं लगीच पोचत हुते?"

मोटार सुरू होताना जास्त वीज ओढते, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. पण आजवर फ्यूज टिकला तो मामीला पोचायला लागणाऱ्या वेळामुळे, हे मला सुचलं नव्हतं. मी तिला चुलीपासून बटणापर्यंत चालायला लावलं आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार. पेटीत तेवढाच उशीर बसवला. मामानं पुन्हा बटण दाबलं. करवतीनं वेग धरला, आणि चार मोजून झाल्यावर व्हॅक्युम आपणहून घुमू लागला. फ्यूज टिकला.

पहिले काही दिवस मामी तरीही उठायची. दारापर्यंत यायची, व्हॅक्युम चालू दिसला की पदराला हात पुसत जरा उभी राहायची आणि माघारी जायची. मग एका दुपारी मी कॉलेजातून आलो, तर करवत कर्कश ओरडत होती आणि मामी स्वयंपाकघरात फरशीवर, हाताची उशी करून, गाढ झोपली होती. जागी झाल्यावर ओशाळली. "कुणाला सांगू नगंस हां," म्हणाली, "लई वर्सांनी दुपारची झोप लागली."

मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

तशी झोप तिला जेमतेम वर्षभर मिळाली. पोटाचं दुखणं तिनं अंगावर काढलं होतं. बोलली तेव्हा फार उशीर झाला होता. दवाखान्यात बाहेर कसलं तरी यंत्र सुरू झालं की शुद्ध नसतानाही तिचे ओठ हलायचे. काय म्हणते ते आम्हाला ऐकू यायचं नाही, पण कळायचं.

तेरावं झाल्यावर मामानं कारखाना उघडला. करवत सुरू होताच फळी सारायची त्याची सवय जुनीच होती. व्हॅक्युम लागेपर्यंत भुसा उडायचा, आणि खोकला पुन्हा वाढला होता. एव्हाना आम्ही जाड वायर ओढून घेतली होती. मी चाचरत म्हणालो, "मामा, आता दोन्ही एकदम चालतील. पेटीतला उशीर काढून टाकू का?"

मामानं फळी करवतीपाशी ठेवली आणि बटण दाबलं. पण फळी सारली नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत तो तसाच उभा राहिला. चार मोजून झाले, व्हॅक्युम लागला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तेवढा येळ लागतोच तिला."

मगच त्यानं फळी पुढं सारली.