दोन ओळींचा एक म्हातारा

निवृत्त मास्तराला एक्सेल शिकवू नये. मी शिकलो, आणि धारवाडातल्या आमच्या मंडळाने मोतीबिंदूच्या शिबिराची यादी माझ्याच हवाली केली.

अळणावरकडच्या खेड्यांत दोन कार्यकर्त्यांनी स्वतंत्रपणे नावं लिहून आणली होती, त्यामुळे बरेच जण यादीत दोनदा आले होते. एकेकाच्या दोन ओळी जोडून मी एक करत सुटलो. वडिलांच्या नावाचा रकाना कागदावर मावत नव्हता, तो आधीच उडवला. एका ठिकाणी नाव एक, आडनाव एक, गाव एक, फोनही एकच. फक्त एका ओळीत डावा डोळा, दुसरीत उजवा. ओळी जोडल्या आणि ऐटीत लिहिलं, दोन्ही डोळे.

शिबिराच्या शेवटच्या सकाळी दवाखान्यात एका म्हाताऱ्या अज्जांच्या डोळ्यात थेंब टाकायला सिस्टर आली. यादी पाहून थांबली.

"एका दिवशी दोन्ही डोळे करतात होय? कुणी लिहिलं हे?"

मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो.

"माझा डावाच की," अज्जा म्हणाले. "उजवा आमच्या धाकट्याचा. चुलतभाऊ तो. दोघांनाही आजोबांचंच नाव. शिबिराला आणणारा गाडीवाला म्हणाला, यादीत या नावाचा एकच माणूस आहे. तो राहिला दारात बसून."

ही रीत मला ठाऊक नव्हती असंही नाही. मी आणि माझ्या चुलतभावाने आजोबांच्या एकाच नावावर एकाच शाळेत मार खाल्लाय.

"त्याचा डावा केव्हाच गेला," अज्जा म्हणाले. "उजव्यानं अजून दार तेवढं दिसतं."

साडेदहा वाजले होते. बाराला डॉक्टर हुबळीला निघणार होते, आणि पुढचं शिबिर कधी ते कुणीच सांगत नव्हतं. यादीतला नंबर फिरवला, तर फोन माझ्या शेजारीच वाजला. अज्जांचा मुलगा, त्यांच्यासोबत आलेला! धाकट्या अज्जांना आणायला त्याने गावातल्या गिरणीवाल्याला फोन लावला.

"दळण टाकलंय," गिरणीवाला म्हणाला. "उतरलं की आणतो मोटरसायकलवर."

"दळण राहू दे अण्णा!" मी फोन हिसकावून ओरडलो. "आत्ता निघा!"

मग मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागलो.

"सर, बसा," सिस्टर म्हणाली. "तुम्ही फिरल्यानं मोटरसायकल पळत नाही."

पावणेबाराला डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"डॉक्टर, एक जण राहिलाय."

"यादी तर संपली."

"यादी मी केलीय."

"तरीच."

बाराला पाच मिनिटं कमी असताना गिरणीवाल्याचा फोन आला, सुभाष रोडवर अडकलोय. मी धावलो. माझ्या वयात ज्याला धावणं म्हणतात तसलं. एका टेम्पोमागे पिठाने पांढराफटक झालेला गिरणीवाला आणि मागे चाचपडणारे धाकटे अज्जा दिसले. त्यांना उतरवून हाताला धरलं.

"कोण हो तुम्ही?"

"मीच तुम्हाला यादीतून काढलं."

"बरं. हात नीट धरा. आता पाडू नका."

दवाखान्याच्या दारात डॉक्टर गाडीची किल्ली घेऊन उभे होते. त्यांनी अज्जांच्या डोळ्यावर बॅटरी मारली, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि किल्ली परत खिशात टाकली.

"घ्या आत."

सिस्टरने अज्जांनाच विचारून उजव्या भुवईवर खुणेची पट्टी चिकटवली. मी मागोमाग निघालो, तर मला बाहेरच थांबवलं.

दार लागलं. आतून आवाज आला, "अज्जा, डोकं हलवायचं नाही हं." बाहेर मीही हललो नाही.