काकूच्या नावाचं संयुग

माझा काका आयुष्यभर एकाच झाडाच्या सालीमागे लागला होता. झाड औषधी, साल कडू आणि काका दोघांपेक्षा चिवट. सालीने ताप उतरतो, हे आम्हा भावंडांना चांगलंच ठाऊक होतं, कारण कुणी नुसतं शिंकलं तरी काका काढा घेऊन हजर व्हायचा. तापाचं माहीत नाही, पण काढ्याच्या धाकाने आम्ही शिंकायचं सोडून दिलं होतं.

साल वाळवायची, कुटायची, काचेच्या मोठ्या बरणीत स्पिरिटमध्ये भिजत घालायची. गाळ खाली बसला की वरचा तांबूस अर्क काचेच्या नळीने हळूच ओढून घ्यायचा, आटवायचा आणि पांढरी भुकटी भरलेल्या उंच नळीतून थेंबथेंब सोडून त्यातली रसायनं वेगळी करायची, हा त्याचा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला उद्योग. रसायनं सापडायचीही. पण जे सापडे ते आधीच कुणीतरी शोधून, बारसं करून, छापून मोकळं झालेलं असे. काकाचं सगळं संशोधन म्हणजे वरातीमागून घोडं.

आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि एक शब्द पाळायचा राहिला होता. लग्न ठरलं तेव्हा खिसा रिकामा, म्हणून त्याने काकूला सांगितलं होतं, "नवं संयुग सापडलं की त्याला तुझं नाव देईन." काकू कुठलीच गोष्ट विसरत नसे, तर ही कशी विसरेल? तिची जीभही त्या सालीच्याच कुळातली.

"बाकीच्या बायकांना नवरे बांगड्या करतात," ती म्हणायची. "मला रेणू मिळणार आहे. मिरवीन हातात घालून!"

आणि एके संध्याकाळी काका दारातूनच ओरडत आला. "सापडलं! फिकट, तेलकट, वास म्हणून नाही. इतकी वर्षं साल कुटतोय, हे कधीच दिसलं नव्हतं!"

मोठ्या यंत्रावरची तपासणी अजून बाकी होती, पण धीर धरायचा कुणी? काकाने बाटलीवर काकूच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. विभागप्रमुखांनी गावभर सांगितलं. काकू "बरं झालं" एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन सगळ्या बहिणींना फोन केले.

मग बाहेर येऊन म्हणाली, "आता तरी माझा पाइप परत आणा. कुंड्यांना तांब्याने पाणी घालून माझे हात गळून पडायची वेळ आलीय."

प्रयोगशाळेतली अर्क ओढायची काचेची नळी फुटली होती, तेव्हा काकाने घरचा मऊ, पारदर्शक पाइप नेला होता. अर्थात न विचारता. दुसऱ्या दिवशी त्याने तो आणून दिला. काकू नळाला लावायला गेली, तर पाइप वाकेचना.

"अहो, मी पाइप दिला होता, तुम्ही काठी आणलीत! याचा मऊपणा गेला कुठे?"

काका हसला. मग हसता हसता थांबला आणि पाइप स्वतः वाकवून बघू लागला. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेल घालतात, हे तो स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायचा. पाइप घेऊन तसाच प्रयोगशाळेत गेला. पाइपाचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला, आणि त्या स्पिरिटचा थेंब नव्या संयुगाच्या थेंबाशेजारी तपासणीच्या पट्टीवर टाकला. दोन्ही ठिपके जुळ्या भावांसारखे बरोबरीने वर चढले.

तो घरी आला तेव्हा ताट वाढलेलं होतं. काका नुसता भाताकडे बघत राहिला. मी समोरच होतो.

"अगं, ते सालीतलं नव्हतंच," तो म्हणाला. "तुझ्या पाइपातलं होतं. स्पिरिटने सगळं ओढून घेतलं. साऱ्या जगाला ठाऊक असलेलं तेल आहे ते. तुला काहीच देऊ शकलो नाही मी."

काकूने आमटी वाढली. "पाइप कुणाचा?"

"तुझा."

"त्यातलं तेल वेगळं कुणी केलं?"

"मी."

"मग त्याला काय शेजारणीचं नाव देणार होतात? जेवा मुकाट्याने."

सकाळी काकाने विभागप्रमुखांना खरं काय ते सांगून टाकलं. ते बरेच दिवस रस्त्यात लोकांना चुकवत फिरत होते. काका नव्या संयुगाशिवायच निवृत्त झाला. येताना ती बाटली तेवढी घेऊन आला.

ती आता बैठकीच्या खोलीत कपाटात असते, काकूच्या नावाची चिठ्ठी दिसेल अशी. कुणी विचारलंच, की हे कशावरचं औषध, तर काकू सांगते, "औषध कसलं? मऊपणा आहे. माझ्याकडे होता तेवढा यांनी काढून बाटलीत भरला, म्हणून तर माझी जीभ ही अशी."

काका शेजारी बसून खूश होऊन हसतो. बाटली मात्र काकू कुणालाही पुसू देत नाही, त्यालाही नाही.