टेस्ट डिस्कमधली मंगलाष्टकं

असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. आता माझी नातवंडं मला हसतील... हसू देत, दात नवीन आहेत त्यांचे.

सीडीचे दिवस होते. सीताबर्डीत पहिल्या मजल्यावरच्या एका दुकानात मी सीडी प्लेअर दुरुस्त करायचे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि तोरा असा, की जिन्यातून मी आधी यायचे की तो, सांगता येत नसे.

मे महिना, दुपारचे अडीच. खाप्याहून शशिकलाबाई आल्या. रुमालात गुंडाळलेली एक सीडी. त्यांचा नवरा गावातल्या लग्नांत मंगलाष्टकं म्हणायचा. आजारपणात त्यानं लेकीच्या लग्नासाठी स्वतःच्या आवाजात ती रेकॉर्ड करून ठेवली, आणि गेला. लग्न दुसऱ्या दिवशी होतं, आणि सीडी चालत नव्हती.

"पोरगी हटून बसली वं ताई. बाबाचा आवाज आल्याबिगर अक्षता नाही म्हणते. तिकडं मांडव टाकून राहिले, अन् मी इथं..."

मी सीडी उजेडात धरली. चंदेरी थर इतका उडालेला, की आरपार रस्ता दिसत होता. तरी म्हटलं, "होईल!" विद्वान ना मी.

आमची पद्धत अशी : आधी टेस्ट डिस्क लावायची. तिच्यात नुसता एकसुरी 'टूं' आवाज. मग स्क्रू हळूहळू फिरवून लेझर जुळवायचा. डिस्क नीट वाचली जात असली की सिग्नल दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हिऱ्यासारख्या स्वच्छ चौकटी उमटतात. आम्ही त्याला 'डोळा उघडला' म्हणायचो. मग गिऱ्हाइकाची डिस्क.

बाईंच्या सीडीवर डोळा उघडेना. पडद्यावर नुसतं धुकं. टेस्ट डिस्क, पुन्हा त्यांची, पुन्हा टेस्ट डिस्क... तासभर. घामानं स्क्रू-ड्रायव्हर निसटत होता. कूलरशेजारी बाई डोळे मिटून बसलेल्या. "येते का वं?" एवढंच अधूनमधून. आणि मला "नाही" म्हणता येत नव्हतं.

शेवटी स्क्रू केसभर फिरवला—डोळा लख्ख उघडला. तसा स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. स्पीकरमधून आधी खोकला, मग जाडसर आवाज... मंगलाष्टकं!

बाईंनी तोंडात पदर कोंबला. "हेच! हेच हायेत!"

मी कॉम्प्युटरवर सगळं रेकॉर्ड केलं, पार 'सावधान'पर्यंत. नवी सीडी करून त्यांच्या हातात दिली आणि ऐटीत म्हणाले, "काही नाही हो, कॅलिब्रेशन जमलं पाहिजे फक्त."

मग प्लेअरचा ट्रे उघडला. आत माझी टेस्ट डिस्क. तिच्यावर मीच काढलेली लाल फुली.

मी टेबलावर, खाली, सगळीकडे बघत होते. बाईंनी शांतपणे मांडीवरचा रुमाल उलगडला. आत त्यांची सीडी.

"हे शोधून राहिल्या का? मघाशी पुसाले घेतली होती मी. तुमी परत मांगितलीच नाही." रुमाल पुन्हा गुंडाळत म्हणाल्या, "मले वाटलं, आवाज येऊन राहिला, तर काहून टोकू?"

त्या गेल्यावर टेस्ट डिस्क पुन्हा लावली. नुसता 'टूं'. नंतर कितीदा लावली, 'टूं'च.

लग्न लागलं, बाबाच्या आवाजात. खाप्याहून लाडूंचा डबा आला, "हुशार ताईंसाठी". मी दुकानभर वाटला आणि वर्षानुवर्षं माझ्या हाताची कमाल म्हणून मिरवलं. लेझरनं काय वाचलं, कुठून वाचलं... मोठमोठ्या इंजिनिअरांना विचारलं, ते माझ्याकडेच संशयानं बघतात. मलाही अजून कळलेलं नाही. एवढं मात्र पक्कं, त्या दिवशी हात माझा नव्हता. लाडू तेवढे मी खाल्ले.