आईला सापडलेला एक शब्द

गेल्या सोमवारी शिरूरला फर्स्ट इयरच्या मुलींना अवयवांची ग्रीक नावं शिकवत होते. नर्सिंग कॉलेजात दरवर्षी हेच शिकवते... गॅस्ट्रो म्हणजे पोट, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, ओडोंटो म्हणजे दात. मुली कंटाळतात. मी सांगते, शब्द फोडता आला की आजार निम्मा कळतो.

तास संपतोय तोच कवठ्याहून आप्पांचा, माझ्या वडिलांचा फोन. "तुजी आई बोलली गं! गुडघा म्हनली, येकदम साफ!"

आईला मागच्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. हातपाय सुधारले, शब्द मात्र गेले, खुणाही चुकतात. याला अफेजिया म्हणतात. ग्रीकमध्ये 'अ' म्हणजे नाही आणि 'फेजिया' म्हणजे बोलणं... तेव्हापासून ती नुसतं "ते... ते..." करते आणि रडते.

हाफ डे टाकून घरी गेले. आई खरंच म्हणत होती, "गुडघा... गुडघा." काही दिवस तिचं कुठंतरी दुखत होतं, कुठं ते कळत नव्हतं. आता कळलं म्हणून मी आणि आप्पा केवढे खूश! एक्स-रे काढला, मलम चोळलं, शेक दिला.

ती आमचे हात ढकलायची. आप्पा समजूत काढायचे, "अगं, गुडघाच तर चोळतूय न्हवं!"

गुरुवारी तिनं दूधभाकरीचा घास थुंकून टाकला. पाहिलं तर गाल सुजलेला.

दातांच्या डॉक्टरांनी तिला काही विचारलंच नाही. सरळ तोंड उघडून बघितलं. दाढेत पू झाला होता...

म्हणजे इतके दिवस ती दातच सांगत होती. मनात दात, तोंडातून गुडघा; अफेजियात शब्दांची अशी अदलाबदल होते. तिला वाटत असणार, मी एवढं नीट सांगतेय, ही माणसं ऐकत का नाहीत?

परतताना आप्पांनी आईचा पदर नीट केला. मग म्हणाले, "वर्सानं येक शब्द आला... त्यो बी दुसऱ्याच जागंचा."

शुक्रवारी वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, अफेजिया बरा होतो का?" "काही जणांचा होतो," म्हटलं आणि फळ्याकडे वळले.

न विचारता बघणाऱ्या त्या डॉक्टरांचे आभार. आज आई शांत झोपली आहे... पण उद्या तिला कुठं दुखलं, तर तेव्हाही तिचा शब्द दुसऱ्याच जागेचा असू शकतो, हे मी अजून आप्पांना सांगितलेलं नाही.