नकाशात बांधलेली भाकरी

उमरठच्या वाटेवर मी नकाशात भाकरी बांधली. वर लसणाची चटणी, आणि तिच्यावर सढळ हाताने तेल.

नकाशा मलमलीचा होता. पोलादपुरातली एक शिवणकाम करणारी बाई लांबच्या पायपिटीला निघणाऱ्यांसाठी असे नकाशे भरते. ओढे निळ्या दोऱ्याचे, वाटा तांबड्या. पाठीवर ओझं नको, हा तिचा एकच हट्ट. झालेला नकाशा तळहातावर ठेवून ती फुंकर मारते आणि तो उडाला तरच गिऱ्हाइकाला देते. बोलते कमी, पण बोललीच तर शेवटी ‘बगा’ येतंच.

माझ्या तेलाने दोन वाड्या गिळल्या होत्या. तोच नकाशा मी परत तिच्यापुढे ठेवला. मला पुढे कशेडीकडचे डोंगर चालायचे होते आणि ही आता नवा नकाशा देते की हाकलते, ही धास्ती. तिने नकाशा हुंगला, फुंकर मारली. तो हलला नाही.

“शनवारी या बगा.”

शनिवारी नवा नकाशा भुर्रकन उडाला. मी खूश! सोबत तिने एक जाडंभरडं फडकंही दिलं, त्यावर मधोमध भरलेली वाटोळी भाकरी.

“हे कशाला?”

“नकाशा वाचता येतो तुमाला, पन फडकं वळखता येत नाय. म्हनून चित्र काढलंय, बगा.”